टकळीमास्तरांची अमेरिका

अमेरिकेच्या अध्यक्षांना गोळी घातल्याची बातमी आमच्या गावात शनिवारी सकाळी पोचली, आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत मी भर शाळेत अब्राहम लिंकन यांना श्रद्धांजली वाहिली.

त्या वेळी मला यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर कुणीतरी अर्धवट ऐकलं आणि पळत येऊन हेडमास्तरांना सांगितलं. सकाळची शाळा होती. हेडमास्तरांनी सगळे वर्ग पटांगणात बसवले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही इतिहासाचे. बोला दोन शब्द." मला अमेरिकेचे अध्यक्ष दोनच ठाऊक होते. त्यांतले वॉशिंग्टन घरी अंथरुणावर वारले, हे पक्कं आठवत होतं. उरले लिंकन. त्यांना गोळी लागली होती हे तर बी.ए.च्या पेपरात मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मग काय! लाकडी झोपडीतला जन्म, मागून आणलेली पुस्तकं, गुलामांची मुक्तता असं करत मी चांगला दहा मिनिटं बोललो. माझा आवाज दोनदा भरून आला. हेडमास्तरांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला.

सगळ्या पटांगणात एकच माणूस खाली मान घालून बसला होता. सभा उठल्यावर तो माझ्याजवळ आला आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "सर, छान बोललात. एक शब्द खोटा नव्हता. फक्त अठ्ठ्याण्णव वर्षं उशीर झाला."

ते टकळीमास्तर. केनेडींचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या तोंडून, त्या पटांगणात.

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. मी आठवडाभर वाट पाहिली. शिक्षकांच्या खोलीत शिरताना कुणी हसतंय का ते पाहायचो. कुणी हसलं नाही. त्यांनी चारचौघांत माझी फजिती केली असती, तर मला त्यांचा राजरोस राग धरता आला असता. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही. मनात जळायचं आणि वर "चहा घेता का मास्तर?" म्हणून विचारायचं, एवढंच माझ्या हातात उरलं.

चिखली तालुक्यात अमडापूरच्या अलीकडं आमचं गाव. शाळा सातवीपर्यंत. महाराष्ट्र नुकताच झाला होता, जिल्हा परिषदा नव्या होत्या, आणि शाळांमधून उद्योगाचा तास म्हणून मुलांना सूत कातायला शिकवत. तो तास टकळीमास्तरांकडं. अंगानं काटकुळे, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, आणि जिथं इतर मास्तर फाउंटन पेन अडकवत तिथं यांची सूत कातायची पितळी टकळी. गाव साखरखेर्डा. त्यामुळं त्यांच्या बोलण्याला जालन्याकडचा वास होता. आम्ही 'काय करून राह्यले' म्हणायचो, ते 'काय करायलात' म्हणायचे. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. औरंगाबादला कॉलेजात वर्षभर शिकून, वडील गेल्यामुळं ते परत आले होते. इतिहास त्यांना माझ्या दुप्पट येत होता. पण इतिहास माझ्याकडं होता, कारण मी बी.ए. होतो, तिसऱ्या वर्गात का होईना. आणि खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. त्यांना इतिहासाला बसवलं असतं, तर गावातल्या चार घरांच्या भुवया वर गेल्या असत्या. त्या भुवया माझ्या नव्हत्या, असं मी म्हणत असे. पण त्यांच्या सावलीला मी आरामात बसलो होतो.

इतिहास मिळाला नाही म्हणून टकळीमास्तरांनी काय करावं? त्यांनी अमेरिकेचा सगळा इतिहास सूतकताईच्या तासाला सांगायला घेतला. अमेरिकाच का? कॉलेज सोडताना रद्दीतून उचललेलं, कव्हर नसलेलं एकच जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्याजवळ होतं आणि ते अमेरिकेचं होतं, म्हणून. एरवी आमच्या पोरांना चीनचा इतिहास पाठ झाला असता.

त्यांचा एक नियम होता. सगळ्या वर्गानं पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, हातात घ्यायचे, टकळ्या फिरवायच्या, सूत निघू लागलं की गोष्ट सुरू. आणि कुणा एकाचंही सूत तुटलं की गोष्ट जिथल्या तिथं थांबली. तुटलेलं जोडून होईस्तोवर सगळ्यांच्या टकळ्या थांबायच्या, मास्तरांचं तोंड थांबायचं, अमेरिका थांबायची. जनरल वॉशिंग्टन हिवाळ्यातल्या रात्री बर्फाची नदी ओलांडायला नावेत बसले, आणि गोदी नावाच्या पोरीचं सूत सारखं तुटायचं म्हणून ते तीन दिवस नदीच्या मधोमध गारठत उभे होते. पोरं गोदीला दुपारच्या सुट्टीत धरून बसवत आणि सूत काढण्याचा सराव करून घेत. माझ्या तासाला गृहपाठ न करणारी हीच पोरं.

आता या सगळ्याशी माझं घर कसं जोडलेलं होतं ते सांगतो. आम्ही शाळेला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होतो आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी सूतखोलीच्या भिंतीला काटकोनात होती. आमची सौभाग्यवती, इंदू, उद्योगाच्या तासाला बरोबर त्या खिडकीशी तूर निवडायला बसे. एवढी तूर आमच्या घरात कधी शिजत नव्हती. पहिल्यांदा मला काही कळलं नाही. एकदा जेवताना ती आपल्याशीच म्हणाली, "त्या गोदीपायी आजही वॉशिंग्टन नदीतच राह्यला."

"कोण?" मी विचारलं.

"वॉशिंग्टन. तुमाले माहीत नसन. जनरल होता."

मी हातातला घास खाली ठेवला. लग्नाला चार वर्षं झाली होती. मी बी.ए. आहे याचं माझ्या सासरवाडीला, मेहकरला, फार कौतुक होतं. लग्न ठरताना इंदूनं मला एकच प्रश्न विचारला होता, "तुमाले पुस्तकं आवडतात का?" मी ऐटीत हो म्हणालो होतो. आणि आज तीच मला वॉशिंग्टन कोण ते सांगत होती.

"मीच तुला सांगितलं असतं की," मी म्हणालो.

"सांगा मंग."

मी सांगितलं. सन सांगितला, सेनापतीचं नाव सांगितलं, नदी ओलांडल्याचे परिणाम सांगितले, तेही एक, दोन, तीन असे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अन् थंडी?"

"थंडी होतीच."

"हं," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली. त्या 'हं'नं माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते कित्येक महिने दुखत राहिलं.

मास्तरांचं सांगणं होतं तरी कसं? मी एकदा चोरून ऐकलं. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्याची हकीकत चालली होती. "तुमच्या मायनं बाजारात मेथीची जुडी मांडली," मास्तर म्हणत होते, "आणि समुद्रापल्याडच्या साहेबानं तिथं बसल्या जागी पट्टी लावली. का लावली म्हणून विचारायला जावं, तर त्याच्या पंचायतीत आपला एकही माणूस नाही. मग काय करायचं?" वर्गातून एक आवाज आला, "जुडी त्याच्या तोंडावर फेकाची." मास्तर म्हणाले, "त्यांनी तेच केलं. फक्त मेथी नव्हती, चहा होता." बस्. मी जो धडा दोन तासांत, चार कारणं आणि सहा परिणाम घालून शिकवत असे, तो हा माणूस मेथीच्या जुडीत बांधून मोकळा झाला होता.

पुस्तकाची मधली काही पानं गेलेली होती. गोष्ट तिथं आली की मास्तर सरळ सांगत, "इथं पान फाटलंय. मला माहीत नाही." पोरं ते मान्य करत. मी माझ्या आयुष्यात वर्गात 'मला माहीत नाही' असं म्हटलं नव्हतं. माहीत नसलं की मी म्हणत असे, "हे परीक्षेला येत नाही."

ते अगदीच देवमाणूस होते असं कुणी समजू नये. अक्षराचा त्यांना भारी गर्व होता. माझ्या फळ्याजवळून जाताना थांबून पाहत आणि काही न बोलता पुढं जात. ते न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट. चहा नेहमी दुसऱ्याचा पीत. आणि टोमणा मारायचे तो असा, की घरी गेल्यावर लागावा. "सर, तुमचा वॉशिंग्टन लई ताठ उभा राहायलाय," ते एकदा म्हणाले, "त्याला जरा बसू द्या की." मी हसलो. दोन दिवसांनी वर्गात शिकवताना मला खरंच तो ताठ उभा दिसायला लागला आणि मी पुढचं वाक्य विसरलो.

गावाच्या कडेला आमचं चार एकर शेत होतं. त्या वर्षी कापसाच्या पहिल्या वेचणीला इंदूनं सीतादही केलं. आमच्याकडची ही पद्धत. वेचणीला हात लावण्याआधी बायका कपाशीच्या झाडाला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. नैवेद्य झाला, बायकांनी ओच्यात कापूस घ्यायला सुरुवात केली, आणि वेचणाऱ्यांतली एक म्हातारी, सखूबाई, मला म्हणाली, "मास्तर, त्या लंब्या माणसानं मंग त्या कापूस वेचणाऱ्यायले सोडवलं का नाही?"

"कोणत्या लंब्या माणसानं?"

"लिंकननं वो!"

मी शेताच्या धुऱ्यावर उभ्या उभ्या तिला गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याविषयी थोडक्यात माहिती दिली. सखूबाईनं ऐकून घेतलं. मग ती इंदूकडं वळून म्हणाली, "तूच सांग वं बाई. मास्तर बातम्या सांगतात."

इंदू सांगू लागली. मास्तरांच्याच शब्दांत, मास्तरांसारखीच थांबत. वेचलेलं बोंड तळहातावर धरून म्हणाली, "हे ज्यानं वेचलं, त्याले हे आपलं म्हणता येत नव्हतं. अन् त्याचं लेकरू बी त्याचं नव्हतं. मालक बाजारात नेऊन इकून टाके." बायकांचे हात थांबले. आमच्या शेतात, आमच्या कापसात, माझ्या बायकोच्या तोंडून टकळीमास्तर बोलत होते. मी पाणी प्यायला म्हणून विहिरीकडं गेलो तो तासभर आलोच नाही.

यानंतर मी नक्कल करून पाहिली. ते लपवत नाही. इतिहासाच्या तासाला मीही हात हलवून, आवाज खाली आणून पानिपत सांगू लागलो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "गुर्जी, तुमचं डोकं दुखून राह्यलं का?"

फेब्रुवारीत तपासणीला शिक्षण खात्याचे डिप्टी साहेब आले. पुढच्या वर्षी शाळेला आठवी जोडायची होती आणि आठवीचा इतिहास कुणाला द्यायचा ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. मला आठवी हवी होती. फार हवी होती. आठवीच्या वर्गावर माझं नाव लागलं म्हणजे खिडकीतल्या तुरीचं काय ते आपोआप मिटेल, असं मी मनाशी धरलं होतं.

साहेब सातवीत शिरले. "अमेरिकेत यादवी युद्ध का झालं?" त्यांनी विचारलं. मी चार कारणं लिहून दिली होती. ती एकालाही आठवली नाहीत. गोदी उभी राहिली.

"कापसापायी झालं साहेब."

"कापसापायी?"

"हो. सरकी काढाचं यंत्र निंघालं. मंग मालकानं अजून कापूस लावला. मंग वेचाले अजून माणसं पाह्यजेत. थे माणसं तो इकतच घेत होता. अजून घेतली. यंत्र आलं तं माणूस सुटाले पाह्यजे का नाही? थो अजून अडकला." तिनं दम घेतला. "उत्तरेकडचे म्हणे, आता बस. दक्षिणेकडचे म्हणे, आमचा कापूस बुडते. मंग एकाच घरातला दादा इकडून अन् धाकला तिकडून, असे लढले."

साहेबांनी चष्मा काढला. "हे कुणी शिकवलं?"

गोदीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधी मी म्हणालो, "मुलांकडून करून घ्यावं लागतं, साहेब."

मी शिकवलं, असं मी म्हटलं नाही. हे मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. गोदीनं माझ्याकडं पाहिलं आणि ती खाली बसली.

मग साहेब सूतखोलीत गेले. तिथं सुताच्या गुंड्या मोजल्या तर फारच थोड्या निघाल्या. निघणारच. एकाचं सूत तुटलं की पस्तीस टकळ्या थांबवणाऱ्या वर्गात सूत निघणार कुठून? साहेब ओट्यावर आले, आमच्या खिडकीखाली थांबले आणि वैतागून मला म्हणाले, "इतकी मुलं आणि सूत एवढंच? हे गृहस्थ तासाला करतात तरी काय?"

त्या क्षणी सांगता आलं असतं, की साहेब, मघाशी तुम्ही ज्या उत्तरासाठी चष्मा काढलात, ते या खोलीतलं आहे. जिभेच्या टोकावर होतं. मी म्हणालो, "गोष्टी सांगतात, साहेब."

जूनमध्ये आठवी निघाली. तिचा इतिहास मला मिळाला आणि टकळीमास्तरांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, रोहिणखेडच्या पुढं एका शाळेत झाली.

एसटीपाशी सगळा वर्ग जमला होता. मास्तरांचं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. गोष्टीत लिंकन अजून जिवंत होते. ते नाटक बघायला म्हणून बग्गीत बसले होते आणि तिथंच शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. गोदी पुढं झाली. "मास्तर, लिंकन नाटकाले गेला, मंग?"

"पुढचं सर सांगतील," मास्तर म्हणाले. मग पेटी उघडून ते जाडजूड बिनकव्हरचं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. "इतिहास सगळा आता तुमच्याकडं आलाय. तर हेही तुमच्याकडंच असू द्या. मला पाठ आहे."

त्यांच्या तोंडावर कुठं टोमणा दिसतो का म्हणून मी फार शोधलं. दिसला नाही. एसटी गेली.

मी घरी आलो, दार लोटलं आणि पुस्तक उघडलं. इतके दिवस माझ्या मत्सराला एक आधार होता. हे पुस्तक माझ्याजवळ असतं, तर मीही तसंच सांगितलं असतं, असं मी धरून चाललो होतो. आता पुस्तक हातात होतं. वॉशिंग्टनची नदी चार ओळींत संपली. मास्तर सांगत तो, वल्ह्यानं बर्फ बाजूला सारणारा म्हातारा नावाडी, त्याचे बधिर झालेले हात, नावेतल्या घोड्याचं थरथरणं, यांतलं तिथं काहीही नव्हतं. होता फक्त सन, सेनापतीचं नाव आणि परिणाम. एक, दोन, तीन. ते पुस्तक अगदी माझ्यासारखं लिहिलेलं होतं.

आठवीत मी लिंकनचा शेवट सांगितला. सहा मिनिटं लागली. गोदी म्हणाली, "संपलं?" मी म्हटलं, "संपलं." ती म्हणाली, "बरं."

घरीही सगळं 'बरं' झालं होतं. इंदू खिडकीशी बसत नव्हती. जेवताना काही विचारत नव्हती. माझं बोलणं पुरं होईस्तोवर ऐकायची, कुठंही टोकायची नाही. ज्याच्या संसाराची सगळी चव बायकोच्या टोमण्यात आहे, त्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. दिवाळी गेली. एका दुपारी मीच न राहवून म्हणालो, "इंदू, एक सांगायचंय. मास्तरांची बदली झाली ना, ती..."

"मले माहीत हाये."

"तुला? कुणी सांगितलं?"

"खिडकी उघडीच होती त्या दिवशी." तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "गोष्टी सांगतात, साहेब."

"मग इतके महिने बोलली काऊन नाहीस?"

"माह्यापाशी बोलून काय होते? ज्यायचं नुकसान केलं, त्यायले सांगा. रोहिणखेडले जाणारी एसटी सकाळी हाये. डब्बा बांधून देते."

रोहिणखेडच्या जुन्या मशिदीपाशी उतरून, शाळा विचारत मी दोन मैल चाललो. पोचलो तर तास चालू होता आणि टकळीमास्तरांचा आवाज बाहेर येत होता. मी खिडकीबाहेर उभा राहिलो. लिंकन नाटकगृहात शिरत होते. इथं ते नव्यानं जगून पुन्हा तिथवर आले होते. मास्तरांची नजर माझ्यावर पडली. "या सर, आत या," असं म्हणून त्यांनी मला बसायला चटई दिली आणि एक टकळी, एक पेळू हातात ठेवला. नियम सगळ्यांना सारखा.

लिंकन खुर्चीत बसले. प्रेक्षकांत हशा पिकत होता. मागचं दार हळूच उघडलं. मला शेवट ठाऊक होता. बी.ए.च्या पेपरात लिहिला होता, पटांगणात सांगितला होता, आठवीत सहा मिनिटांत उरकला होता. तरी हातातल्या पेळूवरचं माझं लक्ष उडालं, आणि माझं सूत तुटलं.

"गुर्जींचं तुटलं!" सगळा वर्ग एकदम ओरडला. मास्तर थांबले. एक चिमुरडी उठून माझं सूत जोडून देऊ लागली. ते पुन्हा तुटलं. तिनं पुन्हा जोडलं. तिसऱ्यांदा तुटलं तेव्हा घंटा झाली. बाहेर पडताना पोरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की लिंकनच्या मारेकऱ्याकडंही कुणी तसं पाहिलं नसेल.

ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. गोदीचं उत्तर, माझं ते करून घेण्याचं वाक्य, खिडकीखालचं बोलणं. मास्तर टकळीला सूत गुंडाळत होते.

"मला अंदाज होता," ते म्हणाले.

"राग नाही आला?"

"आला की. का नाही येणार?" त्यांनी टकळी बाजूला ठेवली. "आई एकटीय साखरखेर्ड्याला. तुमच्या गावी होतो तेव्हा दर शनिवारी जायचो. आता महिन्यातून एकदा होतं, नाहीतर तेही नाही. ती विचारायली, एवढ्या लांब टाकलं, तू काय गुन्हा केला रे? तिला काय सांगू, सर?"

 मी म्हणालो, "मी डिप्टी साहेबांना लिहितो. खरं काय ते." मला वाटलं, ते म्हणतील, राहू द्या सर, झालं ते झालं. त्यांनी उठून दौत, टाक आणि कागद आणून माझ्यापुढं ठेवला.

मी लिहिलं. सातवीचं उत्तर उद्योगाच्या तासाला शिकवलेलं होतं, सूत कमी निघालं त्याचं कारण काय, आणि त्या वेळी मी काय सांगितलं नाही. मास्तरांनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'मुलांच्या या प्रगतीत माझाही थोडा वाटा आहे.'

"हा थोडा म्हणजे किती, सर?"

मी ती ओळ खोडली. त्यांनी चहा केला. पहिल्यांदाच त्यांच्या घरचा चहा प्यालो. मग ते माझ्याबरोबर दोन मैल चालत एसटीपर्यंत आले आणि वाटेत जोंधळ्याविषयी बोलत राहिले.

त्या पत्राचं फळ यायला दीड वर्ष लागलं. त्यांना साखरखेर्ड्याजवळची शाळा मिळाली, आणि इतिहासही मिळाला. आईला त्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं. माझी आठवी गेली नाही, कारण दुसरा बी.ए. मिळेना. मात्र साहेब पुन्हा तपासणीला आले तेव्हा माझ्याशी फक्त हजेरीपटाबद्दल बोलले. मास्तरांची माझी भेट त्यानंतर लग्नाकार्यात दोन-चारदा झाली असेल. ते जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांच्या हाताखालची किती पोरं पुढं कुठं कुठं गेली ते ऐकतो, आणि खोटं कशाला बोलू, अजून थोडं दुखतं.

पण त्या दिवशीचं सांगत होतो. मी घरी पोचलो तेव्हा इंदू दारातच उभी होती. मी चपला काढता काढता सगळं सांगून टाकलं. राग आला होता हे त्यांनी कसं तोंडावर सांगितलं, दौत कशी पुढं ठेवली, ओळ कशी खोडायला लावली, आणि तरी वर दोन मैल सोडायला आले. "आपल्याला नसतं जमलं बुवा," मी म्हणालो. "त्यांच्या जागी मी असतो, तर एकतर माफ केल्याचं नाटक केलं असतं, नाहीतर दारातूनच हाकललं असतं. या माणसाला हे जमतं कसं?"

इंदूनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि कितीतरी महिन्यांनी ती पहिल्यांदा हसली.

"इतके दिवस तुम्ही त्यायच्या गोष्टीवर जळत होते," ती म्हणाली. "आज त्या माणसावर जळून राह्यले. हे जळणं बरं हाये. हे इझवू नका."